वेशीवरचं जड गियर

ट्रायथलॉनमधला शेवटचा, धावण्याचा टप्पा मी दोन वर्षं चालत पुरा केला. पोहणं ठीक, सायकल ठीक. सायकलवरून उतरलो की पाय दुसऱ्याचे. यंदा बायकोला सांगून टाकलं, "शर्यतीआधीच्या शेवटच्या रविवारी सरावात चाललो, तर नाव काढून घेतो." ती म्हणाली, "लिहून द्या."

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर सल्ल्यांना तोटा नव्हता. पोटं सांभाळत पन्नाशीकडे निघालेली ही मंडळी 'पॉवर', 'थ्रेशोल्ड' हे शब्द आरतीसारखे म्हणतात. एक गट म्हणे, शेवटी हलकं गियर, मिनिटाला पायडलचे नव्वद फेरे. पाय त्याच तालात धावू लागतात. दुसरा म्हणे, भरभर मारलं तर दम आधीच संपतो. आलेख दोघांकडेही होते. मी दोघांवरही विश्वास न ठेवता स्वतःच्या घड्याळातले आकडे काढले.

कामणहून परतताना माणिकपूरच्या पुढपर्यंत माझे फेरे पंच्याऐंशीच्या आसपास. आमच्या गावाची, वटारची वेस आली की साठ. दर रविवारी, त्याच जागी. आधी रस्त्याला दोष दिला, मग वाऱ्याला. मग लक्षात आलं, तिथे मोरीच्या कठड्यावर सकाळी माझे काका आणि त्यांचे दोन सोबती बसलेले असतात. तिघांचीही हयात केळीचे घड सायकलला बांधून बाजारात नेण्यात गेली. आमच्याकडे सायकल म्हणजे ओझं वाहणं. पायडल सावकाश, सगळा जोर लावून दाबायचं. नुसते पाय गरगर फिरवतो तो आळशी. इतरांच्या मोठ्या शब्दांना हसणारा मी, तीन म्हाताऱ्यांसमोरून जड गियर टाकून रुबाबात जात होतो. शर्यतीतही तेच, शेवटी बघे दिसले की गियर जड. मग उतरून धावायला लागलो की मांड्यांचे दगड.

शेवटचा रविवार आला. वेशीपाशी बोट गियरकडे गेलंच. मागे घेतलं.

"काय रे, शिलाई मशीन चालवतोस का?" काका ओरडले.

"कापड आणून ठेवा, काका, सदरा शिवून देतो!"

"त्याची चेन तुटली वाटतं," एक सोबती म्हणाला, आणि तिघं मनसोक्त हसले.

माझे कान तापले. पाय तसेच फिरत राहिले.

घराच्या फाटकात बायकोने सायकल धरली आणि मी समुद्राच्या दिशेने पळालो. पावलं विचित्र भरभर पडत होती, मला आवरेनात. पहिला किलोमीटर इतका जोरात गेला की दुसऱ्यात पोटात कळ आली. म्हणजे दुसऱ्या गटाचंही थोडं खरं असावं. मुद्दाम वेग कमी केला. तिसऱ्या किलोमीटरला वाटलं, चार पावलं चाललो तर कुणाला कळणार आहे? बायको तर घरी होती. तरी पळत राहिलो. कसं ते मला सांगता येणार नाही. एक म्हातारी टोपली घेऊन पुढे चालली होती, तिला मागे टाकायला मला बराच वेळ लागला.

परत आलो तेव्हा बायको ओट्यावर पेपर वाचत होती.

"चाललात?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"म्हणजे शर्यतीला जावं लागणार," म्हणून तिने पान उलटलं. हायसं वाटायला हवं होतं. मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो, ती दोनदा बसा म्हणाली तरी.