जुन्या पिनची वायर

माझा फोन कायमचा बंद पडला त्या दिवशी सकाळी मी अन् रोज गाडीला येणारं एक पोरगं, आमी दोघांनी मानवतच्या स्टेशनावर रोजच्यासारखा चहा घेतला. तो परभणीला नोकरीला जातो. मी कुठंच जात न्हाई. बायको गेल्यापासून घरात बसवत न्हाई, म्हणून इथं बाकड्यावर बसतो.

त्याच्या पिशवीत नुसता वायरींचा उकिरडा. स्टेशनातल्या एकाच चालू सॉकेटला तो आपला बोर्ड लावतो अन् सगळ्यांचे फोन चार्ज करून देतो. नाव कोणाचं विचारत न्हाई, पिनेवरून हाक मारतो. माझ्या फोनची पिन जुन्या काळची, म्हणून मी ‘जुन्या पिनवाले काका’. तसली वायर तो माझ्या एकट्यासाठी वागवतो.

त्या दिवशी फोन सारखा बंद पडायला लागला. मी म्हणलं, “ह्यात बायकोचं बोलणं भरून ठेवलेलं हाय. स्टेशनाच्या फुकट वायफायवरून तुझ्याकडं पाठवून ठेव.”

“काका, फुकटच्या वायफायवर मी बँक उघडत न्हाई, अन् काकूला पाठवू व्हय?”

फोनला वायर लावून तो ते बोलणं एका मेमरी कार्डात उतरवत बसला. त्याची गाडी आली अन् गेली, त्यानं मान वर केली न्हाई.

“काय म्हणायलीय ती?” मी विचारलं.

“मी न्हाई ऐकलं. तुमचं हाय ते.”

संध्याकाळी फोन मेला. त्यानं दिलेलं कार्ड घरच्या कार्डवाल्या रेडिओत घातलं, तर ती मला गोळ्या चुकवल्या म्हणून शिव्या घालायली होती. लय रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या हातानं स्टेशनावर गेलो. आता ह्याच्याकडं माझं काय काम, असं वाटत होतं. त्यानं मला येताना बघितलं, पिशवीतून ती जुनी वायर काढली, बोर्डाला लावली अन् तिचं टोक बाकड्यावर माझ्या जागेवर ठेवलं.