वाटेचं पुस्तक, घरचं पुस्तक

इंदुताईंना प्रत्यक्ष पाहण्याच्या कितीतरी आधीपासून मी त्यांच्यावर जळत होते. गौरवग्रंथात असं लिहितात की नाही, मला माहीत नाही. वाचनालयाच्या समितीच्या सचिवांनी सांगितलं, "वहिनी, ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, त्यात त्या लेकीकडे नाशिकला कायमच्या चालल्या. पहिली भेट कशी झाली तिथून सुरू करा आणि जरा गोड लिहा." पहिल्या भेटीपासून सुरू करायला माझी हरकत नाही. पण त्या भेटीच्या आधी जे होतं तो नुसता हेवा होता, आणि तो वगळला तर पुढचं काही कळणार नाही.

आमचे घरचे खामगावात एका बियाण्यांच्या दुकानाचं काम करत. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, म्हणून मी आजही त्यांना 'घरचे' असंच म्हणते. दुकानाच्या कामासाठी त्यांना जिल्हाभर फिरावं लागे. आज धामणगाव बढे, उद्या बीबी. एसटीत ते वाचत. पुस्तकं वाचनालयातून नेत आणि ती निवडून देत इंदुताई. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुता धुताच सुरू होई, "बाईनं आज असं पुस्तक देल्लं, काय सांगू तुले." मग मी भाकरी थापत असताना ते अख्खी गोष्ट सांगत, माणसांचे आवाज काढून सांगत. गोष्ट गोड लागे. 'बाईनं देल्लं' हे तेवढं घशात अडके.

एकदा ते म्हणाले, "बाईले कसं समजते वं, मले काय आवडंल ते?"

मी म्हटलं, "मलेही समजते तुमाले काय आवडते. भरली वांगी."

"ते तर गल्लीतलं कोणीही सांगंल," म्हणून ते हसत सुटले.

मी सातवीपर्यंत शिकलेली. माझं वाचन म्हणजे कॅलेंडरची मागची बाजू आणि किराण्याच्या पुड्याचा कागद. कुणीतरी बाई माझ्या नवऱ्याची आवड ओळखते आणि मी फक्त त्याची भूक ओळखते, हे मला बरं वाटत नसे.

मग एका दौऱ्यात मेहकरच्या स्टँडवर त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. त्यांची पिशवी घरी आली, तिच्यात जेवणाचा डबा होता आणि वाचनालयाचं पुस्तक होतं. दिवसकार्य आटोपून लेक सासरी परत गेल्यावर मी ते परत द्यायला गेले. हीच आमची पहिली भेट.

मी मनाशी कुणी उंच, गोरी, इस्त्रीच्या साडीतली बाई धरून चालले होते. टेबलामागे एक बुटक्या, जाड चष्म्याच्या बाई शेंगदाणे खात बसल्या होत्या आणि एका गृहस्थांना विचारत होत्या की पुस्तकाचं पान फाटलं ते आपोआप फाटलं काय. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, मग मला पाहिलं आणि चष्मा काढला.

"वहिनी काय?"

"हाव."

त्यांनी सांत्वन केलं नाही. पुस्तकात एसटीचं तिकीट खोचलेलं होतं, तिथं त्यांनी ते उघडलं. "भाऊंचं इथवर झालं होतं म्हणजे. हे मी जमा करून घेत नाही. तुम्ही इथून पुढं वाचा आणि शेवटी काय होते ते येऊन मले सांगा. मी विसरली."

त्या काही विसरल्या नव्हत्या. पुढं मला कळलं की त्या वाचनालयातलं काहीच विसरत नाहीत. पण मी अक्षर अक्षर जुळवत ते पुस्तक संपवलं आणि शेवट सांगायला गेले. त्यांनी विचारलं, "भाऊंना आवडला असता काय हा शेवट?"

मी म्हटलं, "नाही. म्हणाले असते, लिहिणाऱ्याले गाडी पकडायची घाई होती."

त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. "अगदी असंच बोलत," त्या म्हणाल्या. आमचे घरचे त्या टेबलापाशी उभे राहून कसे बोलत असतील, ते मला त्या क्षणी दिसलं. आनंद झाला आणि हेवाही वाटला. त्यांचा एक भाग ह्या बाईंकडे होता आणि तो मी कधी पाहिलेला नव्हता. तो मिळवायचा तर इथं येत राहणं भाग होतं. मी येत राहिले. मी वाचक झाले ती अशी.

आता इंदुताईंच्या कामाबद्दल लिहिते. पुस्तक मागायला आलेल्याला त्या लेखक विचारत नाहीत. त्या विचारतात, "कुठं जाऊन राह्यले? सोबत कोण? खिडकी मिळणार काय?" मांडीवर लेकरू असेल तर पातळ आणि मोठ्या अक्षरांचं पुस्तक देतात. दवाखान्यात कुणाजवळ बसायचं असेल, तर मधेच मिटून ठेवलं तरी रुसणार नाही असं. लग्नाला जाणाऱ्याला चुटक्यांचं, म्हणजे पंगतीत बोलायला होतं. तेराव्याला जाणाऱ्याला त्या काहीच देत नाहीत. "तिथं माणसं बसली असतात, त्यांच्यापाशी बसा," म्हणतात. जलंब जंक्शनपर्यंतच्या वीसेक मिनिटांच्या छोट्या गाडीनं जाणाऱ्याला त्यांनी एकदा सांगितलं की एवढ्यात एक कविताच बसते, दुसरी सुरू केली तर पुढची गाडी चुकेल. अशा प्रवासाच्या पुस्तकाला त्या 'वाटेचं' म्हणतात. हे पुस्तक दशमीसारखं हवं, दोन दिवस पिशवीत राहिलं तरी खाता यावं, असं त्यांचं मत आहे.

मला स्वतःला ह्याचा अनुभव आहे. घरचे गेल्यावर मी मेहकरवरून जाणं टाळत असे. पण बीबीला भाचीचं लग्न निघालं आणि रस्ता तोच. मी इंदुताईंकडे काही बोलले नाही, फक्त बीबीला चालले म्हटलं. त्यांनी बराच वेळ कपाट धुंडाळलं आणि एक पुस्तक दिलं. "चिखली सुटली की उघडा. त्याच्या आधी नाही."

चिखली सुटल्यावर मी उघडलं. एका विहिरीत पडलेल्या बाईची गोष्ट होती, तिला वर काढण्याचे प्रयत्न चालले होते. दोर तुटत होता, माणसं भांडत होती. ती बाई वर आली तेव्हा मी मान वर केली, तर गाडी मेहकर सोडून पुढं निघालेली. स्टँड कधी आला, किती वेळ थांबला, मला कळलं नाही. माझ्या वाचण्याचा वेग त्यांनी मनात धरला होता. माझ्या वेगाची बातमी मलाही नव्हती. परत आल्यावर मी आभार मानले, तर म्हणाल्या, "थोडं चुकलंच माझं. मले वाटलं, बीबी येईपर्यंत ती विहिरीतच असंल."

असं प्रेम माझ्या एकटीच्या वाट्याला आलं असतं तर बरं झालं असतं. पण इंदुताई सगळ्यांनाच देतात, आणि हे मला त्यांच्यात कधी आवडलं नाही. एका बाईंच्या सासूबाई सगळं विसरू लागल्या होत्या, सुनेलाही ओळखेनात. इंदुताईंनी सुनेला लहान मुलांच्या बडबडगीतांचं पुस्तक दिलं आणि रोज जेवणाआधी मोठ्यानं वाचायला सांगितलं. महिन्याभरानं ती सून रडत सांगत होती की सासूबाई ओळखत नाहीत अजून, पण पहिली ओळ वाचली की दुसरी त्या म्हणतात. सगळे गहिवरले. मीही गहिवरले, आणि त्याच वेळी मला वाटत होतं की आज माझा नंबर केव्हा लागायचा.

इथवर आमच्या घरच्यांनी वाचलेली बरीच पुस्तकं माझी वाचून झाली होती. प्रत्येकासोबत इंदुताई त्यांचं एखादं बोलणं सांगत. "हे भाऊंनी अर्ध्यात सोडलं, म्हणे हिरो फार रडते." "ह्याच्यातलं जेवणाचं पान वाचून मोताळ्याले उतरायचं विसरले." मी ती बोलणी घरी आणून पुन्हा पुन्हा ऐकत असे. मग हळूहळू बोलणी कमी झाली. त्या पुस्तक पुढं करत आणि एवढंच म्हणत, "हे घरचं आहे. सावकाश वाचा."

घरचं. मला वाटलं, आमच्या घरच्यांचं.

मी ती पुस्तकं फार बारकाईनं वाचली. हे कुठं हसले असतील, कुठं पान दुमडलं असेल, शोधत वाचली. एक पुस्तक अशा म्हाताऱ्याचं होतं, जो बायकोशी बोलणं बंद करतो आणि दोघं वर्षानुवर्षं एका घरात मुकी राहतात. मी फोटोसमोर उभी राहिले. म्हटलं, "हे तुमी वाचलं आन मले सांगतलं नाही? मी अशी वाटत होती तुमाले?" दुसरं पुस्तक एका बाईनं आपल्या संसाराबद्दल लिहिलेलं, तिसरं लोणच्यांचं आणि त्यांच्यामागच्या आठवणींचं. एवढं सगळं ह्या माणसानं वाचलं, ह्या बाईंशी त्यावर गप्पा मारल्या, आणि मला फक्त चोर-पोलिसांच्या गोष्टी सांगितल्या. मी जळत होते ती आता दोघांवरही. एकदा माझ्यासमोर इंदुताईंनी निवृत्त पोस्टमास्तरांना एक पुस्तक दिलं, "हे घरचं न्या," म्हणून. ते गृहस्थ नाक शिंकरून पुस्तकाला हात लावतात. माझ्या घरच्यांचं पुस्तक ह्यांच्या हातात द्यायचं काय कारण होतं, ह्या विचारानं मी दोन दिवस धड जेवले नाही.

तरी मी घेत राहिले, कारण त्या माणसाचं जे काही उरलं होतं ते त्या कपाटात होतं. म्हणून नाशिकची बातमी आली तेव्हा मी धास्तावले. त्या गेल्यावर कुठलं पुस्तक त्यांचं आणि कुठलं परक्याचं, हे मला कोण सांगणार होतं? मी दुपारी गेले आणि सरळ विचारलं.

"बाई, घरच्यांची आता किती राह्यली?"

"घरची?" त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "लय आहेत. ह्या जन्मात काही संपत नाहीत."

"एवढी वाचली त्यांनी?"

"कोणी?"

"आमच्या घरच्यांनी."

इंदुताईंनी समोरची खुर्ची दाखवली. "बसा वहिनी. अहो, वाटेचं नाही ते घरचं. घरात बसून वाचायचं. भाऊंची पुस्तकं कवाच संपली. ही सगळी तुमची होती. तुम्हाले काय पाहिजे ते पाहून मी देत होती."

मी विचारलं, "मग ते मुक्या म्हाताऱ्याचं?"

"तुम्ही तवा कोणाशी बोलत नव्हत्या. तुमची लेक येऊन सांगून गेली होती."

त्या पुढं म्हणाल्या, "भाऊंनी घरचं पुस्तक एकही नेलं नाही. मी एकदा म्हटलं, रविवारसाठी एखादं न्या. तर म्हणे, 'घरी काऊन वाचू बाई? घरी बोलाले माणूस हाये.'"

"हे तुम्ही मले आतापर्यंत काऊन नाही सांगतलं?"

"मले वाटलं, तुम्हाले माहीत असंल. ज्या माणसाबद्दल बोलले, त्याले सांगतलंच असंल ना."

नव्हतं सांगितलं. आमच्यात असं सांगत नाहीत. इतकी वर्षं ते वाक्य इंदुताईंजवळ होतं, माझ्याजवळ नव्हतं. त्यांनी ते जपलं आणि जसंच्या तसं माझ्या हाती दिलं, त्याचं ऋण मी मानते. पण ते आधी त्यांच्या कानांवर पडलं, हे मला अजूनही सहन होत नाही, आणि होईल असं वाटत नाही.

त्या दिवसापासून मी नव्यानं वाचते आहे. लोणच्यांचं पुस्तक परत आणलं. आता त्यात मी कुणाला शोधत नाही. एखादं पान आवडलं तर फोटोला वाचून दाखवते, कारण ते त्यांनी खरंच वाचलेलं नाही.

इंदुताईंना दीर्घायुष्य आणि उत्तम आरोग्य लाभो, हे शेवटी लिहायचं असतं आणि मी ते मनापासून लिहिते. त्यांचे ऑपरेशन झालेले दोन्ही डोळे शंभरीपर्यंत टिकोत. लेकीच्या घराला जिना नसो, असला तर लिफ्ट असो. जावयांना शेंगदाणे चालोत. त्यांच्या अंथरुणाशेजारी दिवा असो आणि तो विझवा असं त्यांना कुणी म्हणू नये. मात्र कुणी शेजारीण दारात येऊन "ताई, काय वाचू?" असं विचारू लागली, तर तेवढ्यापुरतं त्यांना ऐकू येऊ नये. बाकी सगळं ठणठणीत राहो.