अडीच किलोची मोटर

"तू सायकल चालवलीस का कधी? मग तुला त्यातलं काय कळतंय?" राजशेखर सरांचा आवाज चढला होता.

"चालवली न्हाय," पोळपाटावरून मान न उचलता त्यांची बायको शिवगंगा म्हणाली, "पण बारकीच घ्या."

"बारकीला चढावर पायडल मारावं लागतं. मग मोटर कशाला, हार घालायला?"

सरांची सायकल घडीची. सकाळी मुरूम गावाहून एसटीत टाकायची, फाट्यावर उतरून उघडायची आणि दोन किलोमीटरचा चढ चढून शाळा गाठायची. चौपन्नाव्या वर्षी सर घामानं निथळत पोचत. शाळेतले तरुण मास्तर मोटरसायकलवरून पुढं जाताना "सर, दमानं" म्हणत. ते ऐकून सरांनी चाकात बसवायची मोटर घ्यायची ठरवली. आठ दिवस घरात दोनच मोटरींची चर्चा होती. एक अडीच किलोची, तिला पायांची मदत लागायची. दुसरी सहा किलोची, नुसतं बसलं तरी चढ चढवणारी.

"सहाचीच मागव," सर मुलीला म्हणाले. "साडेतीन किलोनं काय फरक पडतोय?"

देवश्रीनं मोबाइल खाली ठेवला. "कुणाला, पप्पा?"

"म्हंजे?"

"जिन्यावरून सायकल कोण उतरवतं?"

घर वरच्या मजल्यावर. खाली ठेवू द्यायला घरमालक तयार नव्हता. सरांची कंबर नाजूक, म्हणून चार वर्षं शिवगंगाच सायकल उतरवायची आणि संध्याकाळी चढवायची. सर पुढं जाऊन पँटला क्लिप लावत उभे राहायचे.

"आज तुम्ही न्या की," देवश्री म्हणाली. "कळंल तरी फरक."

"देवू, गप बस," शिवगंगा म्हणाली.

सरांनी तावातावानं सायकल उचलली. पाचव्या पायरीवर पायडल नडगीत रुतलं, दम लागला, आणि तोल सावरायला त्यांनी भिंतीला हात लावला. हात जिथं टेकला तिथं चुना काळा पडला होता. चेनच्या तेलानं माखलेल्या बोटांचे ठसे, एकावर एक, सगळे त्याच जागी. ती रोज इथं थांबत होती.

दिवाळीची सुट्टी लागताच तिची गर्भपिशवी काढली. तीन महिने भरली घागरसुद्धा उचलू नका, असं डॉक्टरांनी सरांच्या देखत सांगितलं होतं. विसाव्या दिवशी शाळा उघडली. ती सायकल घेऊन याच पायरीवर थांबली, तेव्हा सर खालून म्हणाले होते, "जपून गं, रंग खरचटंल."

सर सायकल घेऊन पुन्हा वर आले. शिवगंगा तव्यावरची पोळी उलटत होती. तिच्याकडं बघवेना, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड केलं.

"अडीच किलोची मागव," ते म्हणाले. "उद्यापासून सायकल मीच उतरवणार, मीच चढवणार. तुझ्या आईनं हात लावायचा नाही."