अमोनियाचं सोवळं

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना एकच डोळा धड. दुसरा लहानपणी कापसाच्या पराटीच्या काडीनं गेलेला. आणि हा माणूस अमोनियाची मोठी बाटली तोंडाजवळ धरून लहान बाटल्या भरायचा! माझा जीव टांगणीला लागायचा. त्यांच्यासाठी मी जाड चष्मा मागवला, रबरी हातमोजे आणले. चष्मा कपाटात पडून राहिला आणि हातमोजे घालून मामींनी घरी भांडी घासली. मी ओरडले की मामांचं ठरलेलं, नाकाला दस्ती बांधली की झालं, इतक्या वर्षांत काय झालं?

सेनगाव तालुक्यातली आमची शाळा. खंडेनवमीला गावात औतं, पाभरी पुजतात, तसे आम्ही तराजू आणि सूक्ष्मदर्शक पुजतो. त्या नवमीला मामांनी सगळं टेबलावर मांडलं, झेंडू वाहिला आणि प्रत्येक बाटलीला हळदीचं बोट लावत गेले. अमोनियाच्या बाटलीचं बूच ढिलं झालेलं, त्यात तो मेला ऑक्टोबरचा उकाडा, आतली वाफ थोडी थोडी बाहेर येत होती. बुचावर ओली हळद लागली आणि आमच्या डोळ्यांदेखत पिवळ्याची लालभडक झाली. कुंकू अजून वाटीतच होतं.

बाटलीत देवी आली म्हणत मामांनी तिथंच लोटांगण घातलं. मुख्याध्यापक स्वतः विज्ञानाचे पदवीधर, पण त्यांनीही हात जोडले. अमोनियासारख्या आम्लारीनं हळद लाल होते हे मी दरवर्षी शिकवते, तेच पुन्हा सांगितलं. सर म्हणाले, मॅडम, सगळीकडंच शास्त्र लावू नये. दुपारपर्यंत शेजारच्या साखरा गावातल्या बायका ओटी घेऊन हजर. बूच काढून देवीचं मुखदर्शन घडवा, असा त्यांचा हट्ट.

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. बाटली तापलेली, आत वाफ कोंडलेली. उघडणार कोण, तर मामा. फवारा उडाला तर उरलेला डोळाही जायचा.

माझं टाळकंच सरकलं. मी मोठ्यानं बजावलं, की ही देवी लई कडक आहे, हिला सोवळं लागतं. आधी बाटली ओल्या फडक्यात गार होऊ द्यायची. उघडायची ती मोकळ्या पटांगणात, वाऱ्याकडं पाठ करून. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. बाटलीचं तोंड कुणाकडंही वळवायचं नाही. बाकीच्यांनी लांब लिंबाखाली थांबायचं.

आणि काय सांगू, मामा आंघोळ करून आले! मामींकडून मोजे आणले, चष्म्याच्या काडीला कुंकू लावून तो चढवला. बूच निघालं, फुस्स झालं. लिंबाखाली बायकांच्या डोळ्यांत जरा पाणी आलं, ते त्यांनी भक्तीचं मानलं. मामांचा डोळा शाबूत. मला इतका आनंद झाला की प्रसाद मीच वाटला.

पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसेल तर ना. दिवाळीनंतर मी मामांना वर्गात बसवलं आणि त्यांच्याच हातानं चुन्याच्या निवळीत हळद लाल करून दाखवली. मग धुण्याच्या सोड्यात. पटलं त्यांना, चक्क पटलं. मला घरी जाताना फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाआधी प्रयोगशाळेत गेले, तर मामा नाकाला दस्ती बांधून, बाटली तोंडाशी धरून बूच फिरवून राहिले होते. ना चष्मा, ना मोजे. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि नको नको ते बोलले.

मामांनी दस्ती खाली ओढली. "आता काहून भ्यायचं, म्याडम? देवी न्हाई ना ती."

मी चपला काढल्या, पदर सावरला आणि वाकून त्या बाटलीला नमस्कार केला.

"कोण म्हनलं न्हाई म्हणून?" मी म्हणाले. "जा, आंघोळ करून या."