सुटलेल्या माणसाचं अपील

“कबूल कर, दंड भर आणि घरी जा. पाच मिनिटांचं काम आहे,” सर म्हणाले.

समोर बसलेला श्रावण हलला नाही. “मले कबूल नाही करता येत, वकीलसाहेब. पोरीची सोयरीक अडते.”

सर म्हणजे भंडाऱ्यातले माझे सीनियर. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मला त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकलेली. कोर्टात विचारायचे प्रश्न आधी इंग्रजीत लिहायची, मग मराठीत. सरांनी श्रावणचे कागद माझ्याकडे सरकवले. “ही केस तू बघ.”

श्रावण आंधळगावचा, कोसा रेशीम विणणारा. शहापूरला हायवेलगतच्या एका चहाटपरीमागे चौघं जण दर रविवारी पैसे लावून रमी खेळत. एका रविवारी दुपारी पोलिसांनी चौघांनाही उचललं. बाकीच्या तिघांनी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला आणि दंड भरून ते मोकळे झाले. त्यातला एक देवाजी, लाखनीचा भांड्यांचा दुकानदार. त्याच्याच मुलाशी श्रावणच्या मुलीचं जुळत आलं होतं. बोलणीही पत्ते पिसतानाच झालेली. आता देवाजी म्हणत होता, आधी नावावरचा डाग काढ, मग पानसुपारी.

“पण ते स्वतः तुमच्यासोबतच पकडले गेले ना?” मी विचारलं.

“ते पोराचे बाप आहे, मॅडम.”

कायदा सोपा आहे. नशिबावर चालणारा खेळ पैसे लावून खेळला तर तो जुगार. डोकं चालवून जिंकण्याचा खेळ असेल तर नाही. रमी मध्येच कुठेतरी येते. पत्ते नशिबाने मिळतात, पण कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे खेळणारा ठरवतो. श्रावण नशिबाने जिंकत नाही, एवढं मला दाखवायचं होतं.

“तुम्ही किती वेळा जिंकता?”

“मनात येईन तेवढ्या वेळा. पण रोज नाही जिंकत. रोज जिंकलो त पुढच्या रविवारी कोण येईन?”

“ते कसं जमतं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुमाले उत्तर ठाऊक नसलं का तुमी पेनाचं टोपण फिरवता. मघापासून तीनदा फिरवलं.”

मी पेन टेबलावर ठेवलं. माझ्या मनातलं कोणाला कळू नये म्हणून मी लहानपणापासून कमी बोलते. ते जमतं, असं मला वाटत होतं.

मग त्याने हळूहळू सांगितलं. टाकलेले पत्ते तो लक्षात ठेवायचाच, पण खरी गोष्ट ती नव्हती. प्रत्येक पत्त्याला समोरचा माणूस काय करतो, हे त्याला पाठ होतं. “मागावर शेकडो धागे राहते, मॅडम. एक सैल झाला का हाताले समजते. इथं त तीनच माणसं.”

“हे कोर्टात सांगा.”

“सांगतलं का संपलं. मग माझ्यासंग बसन कोण?”

“पण तुम्ही निर्दोष सुटाल. मुलीचं लग्न होईल.”

“नक्की होईन ना?”

“हो,” मी म्हणाले.

वकील निकालाचीसुद्धा खात्री देत नाही. मी सोयरिकीची दिली. पेन तेव्हा टेबलावर होतं.

आमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून मी देवाजीला बोलावलं. श्रावण किती वेळा जिंकतो, एवढंच त्याने सांगायचं होतं. ते त्याने सांगितलं. मॅजिस्ट्रेट साहेबांना कुतूहल वाटलं असावं. “आरोपी हे करून दाखवेल का?” त्यांनी विचारलं आणि मुद्देमाल, म्हणजे पोलिसांनी जप्त केलेले पत्ते, उघडायला लावले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात देवाजीच्या हातात तेरा पत्ते दिले. उरलेल्या गड्डीतून तो एकेक पत्ता उचलू लागला. श्रावण समोर, पाच-सहा पावलांवर.

“जोकर आला,” श्रावण म्हणाला.

साहेबांनी पत्ता मागून घेतला. जोकरच होता.

“कशावरून?” मी विचारलं.

“जोकर आला का देवाजीभाऊ खालचा ओठ दाताखाली घेते.”

कोर्टात खसखस पिकली. देवाजीने पुढचा पत्ता उचलला.

“हा फालतू.”

“कशावरून?”

“फालतू पत्ता आला का ते हसते. लय आनंद झाल्यावानी.”

देवाजी हसला. सगळं कोर्ट मोठ्याने हसलं. सरकारी वकील हसले, मीही हसले. मी साहेबांचा चेहरा पाहत होते, कारण निकाल तिथे होता. देवाजीचा चेहरा एकट्या श्रावणने पाहिला. तो बोलायचा थांबला.

“पुढे सांगा,” मी म्हणाले.

मागच्या बाकावर खेळातले बाकीचे दोघे बसले होते. त्याने त्यांचंही सांगितलं. आवाज खाली गेला होता.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. निर्दोष. सरांनी सगळ्या ऑफिसला समोसे मागवले. पुढचा आठवडाभर बाररूममध्ये लोक मला नावाने ओळखत होते.

महिन्याभराने श्रावण आला.

“देवाजीभाऊ नाही म्हणाले.”

“असं कसं? तुम्ही निर्दोष सुटलात.”

“त्याच्यानंच त. म्हणते, सात वर्षं मी समजलो, श्रावण नशीबवान आहे. नशिबानं हरलो असतो त वाईट नव्हतं वाटत. तू माझ्या तोंडावरून माझे पैसे नेले. उद्या व्याही म्हणून जेवाले बसशीन अन् माझं घर वाचशीन. तुझी पोरगीही तुझ्यासारखीच पाहत असन.”

मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

“टपरीवर गेलो का लोक तोंडावर दुपट्टा घेते, मॅडम. पयले मस्करीत घेत, आता खरंच.” त्याने हातातली निकालाची नक्कल टेबलावर ठेवली. “मी आता कबूल करून दंड भरला, त चालन काय? वरच्या कोर्टात अपील टाका ना. म्हणा, हा नशिबानंच जिंके.”

सुटकेविरुद्ध सरकार अपील करू शकतं. सुटलेल्या माणसाला ते करता येत नाही. सुटलेल्या माणसाची काही तक्रार असेल, असं कायद्याने धरलेलंच नाही. हे त्याला कोणत्या शब्दांत सांगावं, मला सुचेना. मग तो माझ्या हाताकडे पाहत असल्याचं लक्षात आलं. मी टोपण फिरवत होते.

“राहू द्या, मॅडम,” तो उठत म्हणाला. “समजलं.”

त्याच्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. हल्ली पक्षकार स्वतःची एखादी गोष्ट कोर्टात सांगायला तयार झाला, की मी त्याला आधी विचारते, मागच्या बाकांवर कोण कोण येऊन बसणार आहे. कोर्टात फक्त साहेब ऐकतात, असं मला तेव्हा वाटायचं.