मंजुळाबाईंची उसनवारी

घर हलवायला घेतलं की दिवसांचा आकार जातो. चिंचवडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी त्या उन्हाळ्यात नुसती तरंगत होते. अर्धी भांडी खोक्यांत, अर्धी ओट्यावर, तसबिरी उतरवल्या तिथे भिंतीवर फिकट चौकोन. मुलगा ओजस रावेतला राहतो, त्याच्या जवळ जायचं ठरलं होतं. उमेदीची सगळी वर्षं मी नाटक कंपनीच्या गाडीतून हिंडले. त्यामुळे एक अंक संपलाय, दुसऱ्याचा पडदा अजून वर गेलेला नाही, आणि मधल्या अंधारात सामान सरकल्याचे आवाज येतायत, ही अवस्था माझ्या ओळखीची. मला ती आवडते.

पण मला सांगायचंय ते समोरच्या दारातल्या मंजुळाबाईंबद्दल.

मंजुळाबाई मूळच्या महाळुंग्याच्या. जमीन कारखान्यांत गेली, पुढे राहतं घर रस्त्यात गेलं. त्या चिंचवडला आल्या आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अख्खं घर घेऊन आल्या, माळ्यासकट आणि गोठ्यासकट. कांद्याच्या गोणी, पाट्या, दोरखंड, पितळी हंडे, अख्खी पंगत जेवेल एवढं पातेलं, धान्याची उंच कणगी. त्यात भर पडत गेली. मुलगा पिंटू चाकणच्या कंपनीतून लाकडी फळ्या आणि खोकी आणायचा. सोसायटीत कुणी मोडकी खुर्ची टाकली तरी ती वर यायची. "लागंल कवातरी," एवढंच त्या म्हणायच्या. पुढच्या खोलीत अंग चोरून चालावं लागे. आतल्या खोलीचं दार पुरतं उघडतच नसे.

त्यांची मुलगी स्नेहल तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण आईकडे व्हायचं, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण तिच्या सासूबाई, विजयश्री, एकदा घर बघायला आल्या आणि दारातच थांबल्या. बाई वाईट नव्हती. अगदी हळू आवाजात म्हणाली, "विहीणबाई, राग मानू नका. बाळंतीण निजणार कुठे? आतली खोली मोकळी झाली तर स्नेहल येईल. नाहीतर आमच्याकडेच होऊ दे."

पिंटू पहिली शिफ्ट संपवून थेट आला. "आये, भंगारवाल्याला सांगितलंय. उद्या येतोय."

मंजुळाबाई उंबऱ्यात बसल्या. "येऊ दे. आधी मला उचल म्हनावं, मंग सामान."

"तुला नातू पायजे का पुठ्ठं पायजे?"

"माझ्या घरातलं भंगारात? ते काय मेलंय व्हय रं?"

पिंटू कपाळाला हात लावून माझ्याकडे आला. "काकू, तुमचं ऐकंल ती. बघा जरा."

मी जाऊन त्यांच्याजवळ जिन्यात बसले. समजुतीचं बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पदराने डोळे पुसले. "पद्माताई, मला कळत न्हाई व्हय? पयल्या येळंला लेक माझ्याकडं न्हाई आली, तर मी कसली आई? पर टाकायला हात उचलत न्हाई. लई सांगते मनाला. न्हाईच उचलत."

मी परत येऊन माझ्या ट्रंका बांधायला बसले. नऊवारी शालूंच्या घड्या घालता घालता ते अंगाला लावून बघत होते, जुन्या नाटकांतले कुणाकुणाचे संवाद कानात येत होते. दुपार अशीच वितळून गेली. ट्रंकेला बांधायला दोरी सापडेना, म्हणून सहज समोर गेले.

"मंजुळाबाई, दोरी असली तर द्या हो. उसनी."

त्या ताडकन उठल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं उठताना मी पाहिलं नव्हतं. दोरखंड काढला, वर विचारलं, "गोणी पायजेत का? गाद्या भरायला?" आणि माझ्या हातांवर गोणींचा ढीग चढला. त्यांच्या मागे फरशी दिसली. हिरवट, स्वच्छ.

"महाळुंग्यात आमची निम्मी भांडी कायम लोकांच्यात असायची," त्या सांगू लागल्या. "हे पातेलं कवा घरी बसलं न्हाई. आज ह्यांच्या लग्नाला, उद्या त्यांच्या पूजंला. हितं कोन मागतच न्हाई. समदं आपलं बसून ऱ्हायलं."

मी त्या फरशीकडे बघत राहिले. मग खाली उतरले आणि दारोदार फिरले. पिंटूला भंगारवाल्याला थांबवायला सांगितलं, बाकी सगळ्यांना एकच वाक्य पढवलं. मधुसूदनराव निवृत्त शिक्षक, त्यांच्याकडून तर तालीमच करून घेतली, कारण ते 'उसनं' म्हणताना लाजत होते.

दुसऱ्या सकाळपासून जिन्यावर वर्दळ सुरू झाली. पहिल्या मजल्यावरच्या ऋचाने कुंड्यांखाली ठेवायला फळ्या मागितल्या. पातेलं देवळाच्या भटारखान्यात गेलं, दोन माणसं लागली. मधुसूदनराव घसा खाकरत म्हणाले, "मंजुळाबाई, कुकर मिळेल का? उसना?"

"तुमच्यात तीन हायत गुरुजी. तुमच्या मंडळींनी मोजून दावलेत मला." गुरुजी पायाकडे बघू लागले. "न्या तरी. शिट्टी जपून."

दुपारी त्या माझ्याकडे चहाला बसल्या. बशीत फुंकर घालत म्हणाल्या, "नाटक तुमचं हाय. कळतंय मला."

मी गडबडले. "मग देताय कशाला?"

"दारात मागायला आलं मानूस. त्याला मोकळ्या हातानं कसं धाडायचं?"

मोडकी खुर्ची कुणी मागेना, ती मी मागितली. आतल्या खोलीतली कणगीही मीच मागितली. निघायच्या दिवशी ओजस टेंपो घेऊन आला आणि बघतच राहिला. "आई, आपण सामान कमी करत होतो ना?"

कणगी हलली तेव्हा तिच्यामागून खिडकी निघाली. तिथे खिडकी आहे हे आम्ही सगळेच विसरलो होतो. पिवळं ऊन आत उतरलं आणि फरशीवर पसरलं. मंजुळाबाई त्या उन्हाला वळसा घालून चालल्या, ताज्या रांगोळीला घालावा तसा.

टेंपो भरून होत आला तेव्हा रिक्षा थांबली. एका हाताने कठडा धरत, दुसरा विजयश्रीबाईंच्या हातात देऊन, स्नेहल एकेक पायरी चढून आली. आतल्या खोलीचं दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. ती सरळ जाऊन त्या उन्हात बसली आणि पाय पसरून म्हणाली, "आये, केवढी मोठी खोली हाय गं आपली!"

विजयश्रीबाई खिडकीपाशी गेल्या. तावदान उघडून पाहिलं, लावून पाहिलं.

"खाट या भिंतीला टाका," त्या म्हणाल्या. "वारा थेट लागायला नको तिला."

मंजुळाबाईंनी पिंटूकडे पाहिलं, पिंटूने माझ्याकडे. खाट काल मधुसूदनरावांनी नेली होती.

"आता गं आये?" पिंटू कुजबुजला.

"आता काय?" मंजुळाबाईंनी पदर खोचला, चपला पायात सरकवल्या आणि कठडा न धरता भराभरा जिना उतरू लागल्या. "गुरुजींकडनं मागून आणते की. उसनी."