भावोजींचा ॲरे

रिकाम्या जागेला आमच्या भावोजींइतका घाबरणारा माणूस अख्ख्या मुंबईत सापडायचा नाही. भुताखेतांचं त्यांना काही वाटत नाही. मरोळच्या एका कंपनीत ते प्रोग्राम लिहितात आणि ही भीती त्यांना तिथेच चिकटली. जेवताना घास हातात धरून, आवाज खाली आणून सांगायचे, "ॲरे म्हणजे ओळीनं मांडलेले डबे. ओळ भरली आणि आणखी एक डबा आला, की यंत्र दुसरीकडे दुप्पट जागा घेतं, एकेक डबा तिकडे नेतं आणि जुनी जागा सोडून देतं. सोडून देतं हं, पुसत नाही! तिथे सगळं तसंच बसलेलं असतं. फक्त कोणी विचारायला जात नाही." यावर आमच्या ताईचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, उत्तर ठरलेलं असे. "आमटी वाढू?"

माझ्या मुलाच्या बारशाला तर त्यांनी कहर केला. मुलुंडला आमच्या हॉलमध्ये पंगत बसलेली, पानं वाढून झालेली, तेवढ्यात एक पाहुणा जास्तीचा आला. कोपऱ्यात कुठेही मावला असता. पण भावोजींनी सगळ्यांना पानांसकट उठवून गच्चीवर नेलं आणि दुप्पट लांब ओळीत बसवलं. वरणाची वाट लागली ती लागलीच. मग ते एकटेच खाली गेले. मी मागोमाग गेलो, तर रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येक जागेपुढे वाकून बघत होते.

"काय शोधताय?"

"कोणी मागे राहिलं नाही ना, तेवढंच."

मी हसलो खरा, पण जिना चढताना मागे वळून पाहायची माझी छाती झाली नाही.

पुढे ताई गेली. मग त्यांची कांजूरमार्गची इमारत पुनर्विकासाला गेली. सगळी बिऱ्हाडं हलली, भावोजी हलेनात. शेवटी भाचीचा फोन आला, "मामा, उद्या बिल्डिंग पाडतायत आणि बाबा निघतच नाहीयेत. तू ये ना." सकाळीच गेलो. घर मोकळं झालेलं, भिंतीवर कपाटाएवढा पांढरा चौकोन, आणि मधोमध भावोजी उभे.

"सगळं नेलं रे," ते म्हणाले. "पण हिला नवा पत्ता कोण सांगणार? तू हाक मार. माझ्या पहिल्या हाकेला ती कधीच ओ देत नसे."

चेष्टा अगदी ओठांवर आली होती, पण त्यांचा चेहरा बघून गिळली. "ताई, चल गं," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात खट् झालं. घराबाहेर पडताना ताई गॅसचं बटण बंद करायची, अगदी तसं. शेगडी तर केव्हाच नेली होती. भावोजींनी शांतपणे पिशवी उचलली आणि माझ्यामागून आणखी एक माणूस बाहेर पडेल इतका वेळ दार धरून ठेवलं.

यंदा भाऊबीजेला त्यांच्या नव्या भाड्याच्या घरी गेलो. ताई गेल्यापासून तो दिवस मला नकोसा होतो. हॉलमध्ये पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी. भाची म्हणाली, बाबांनी मांडला असेल. भावोजी म्हणाले, पोरीनं मांडला असेल. मी डोक्यावर रुमाल घेतला आणि पाटावर बसलो. बराच वेळ बसून राहिलो.